‘डेटाबेस इज लॉक्ड’: नेटवर्क ड्राइव्हवर अडकलेली फाइल सोडवताना

एसक्यूलाइटची, म्हणजे अख्खा डेटाबेस एकाच फाइलमध्ये ठेवणाऱ्या प्रोग्रॅमची, एक फाइल नॅसवरच्या (नेटवर्कवर सगळ्यांसाठी ठेवलेल्या डिस्कपेटीवरच्या) शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवलेली. अकाउंट्सचा विंडोज पीसी ती उघडतो, कोपऱ्यातल्या लिनक्स मशीनवरची स्क्रिप्ट रात्री तिच्यात नोंदी टाकते, आणि कोणाच्या तरी मॅकवरून त्यावर रिपोर्ट निघतात. बरेच दिवस सगळं सुरळीत चालतं. मग एका सकाळी स्क्रीनवर येतं: ‘डेटाबेस इज लॉक्ड’.

नवीन माणूस लगेच इंटरनेटवर शोधतो, कुठेतरी माउंटचा (नेटवर्क ड्राइव्ह मशीनला जोडण्याचा) एखादा पर्याय सापडतो, तो टाकल्यावर एरर गायब होतो. इथेच खरा धोका सुरू होतो. या एररचे दोन अगदी वेगळे अर्थ असू शकतात. एक, खरंच दुसऱ्या कोणीतरी फाइल धरली आहे. दोन, फाइल कोणीच धरलेली नाही, पण तुमची लॉकची विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचलीच नाही. दोन्ही वेळा स्क्रीनवरचा मजकूर तोच. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या हे दोन अर्थ वेगळे करण्यासाठी आहेत.

कमांड आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजीत करायची.

सगळ्यात आधी कॉपी

काहीही बदलण्याआधी सगळ्या मशीनवरचे प्रोग्रॅम बंद करा आणि फाइलची कॉपी घ्या. मूळ फाइलच्या शेजारी तिच्याच नावाची, शेवटी ‘-जर्नल’ किंवा ‘-वॉल’ लागलेली फाइल दिसली तर तीही सोबत घ्या. ती कचरा समजून डिलीट करू नका. अर्धवट राहिलेलं ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण व्हायला हव्यात अशा बदलांचा गट) मागे फिरवण्याची माहिती जर्नलमध्ये असते, आणि वॉल फाइलमध्ये तर मूळ फाइलमध्ये अजून न उतरलेल्या पक्क्या नोंदी असू शकतात. ‘लॉक काढायला जर्नल उडवा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो पाळून बरेच डेटाबेस खराब झालेले आहेत.

लॉक म्हणजे नेमकं काय

एसक्यूलाइट पूर्ण फाइलला कुलूप लावत नाही. फाइलच्या आत, बरोबर १ जीबीच्या जागेपासून सुरू होणारे ५१२ बाइट त्याने लॉकसाठी राखून ठेवलेत. पहिला बाइट ‘पेंडिंग’, दुसरा ‘रिझर्व्ह्ड’ आणि उरलेले ५१० ‘शेअर्ड’. तुमची फाइल जेमतेम २०० केबीची असली तरी लॉक १ जीबीच्या जागेवरच लागतो, कारण फाइल जिथे संपते त्याच्या पलीकडच्या बाइटवरही लॉक लावता येतो. वाचणारा शेअर्ड लॉक घेतो, लिहायची तयारी करणारा रिझर्व्ह्ड, आणि प्रत्यक्ष फाइलमध्ये लिहिताना एक्सक्लुझिव्ह.

लिनक्स आणि मॅकवर हे लॉक सल्लावजा असतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसे. ज्याला रुमाल मान्य आहे तो बसत नाही, आणि ज्याला नाही त्याला अडवणारं कोणी नसतं. विंडोजवर मात्र लॉक सक्तीचा असतो. लॉक लागलेल्या बाइटला दुसऱ्याने हात लावला की ऑपरेटिंग सिस्टिमच नकार देते. नेटवर्क ड्राइव्हवर या दोन पद्धती एकमेकींसमोर येतात, आणि मधला प्रोटोकॉल त्यांचं भाषांतर करत बसतो.

पायरी १: एररचा नेमका मजकूर वाचा

‘लॉक झालंय’ असं सांगत येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना प्रत्यक्षात वेगळाच एरर आलेला असतो. ‘डेटाबेस इज लॉक्ड’ म्हणजे कोड ५, ‘बिझी’. ‘डेटाबेस टेबल इज लॉक्ड’ म्हणजे कोड ६. हे भांडण तुमच्याच प्रोग्रॅमच्या आतलं असतं, त्यात नेटवर्कचा दोष नाही. कोड १०, ‘डिस्क आय-ओ एरर’, दिसला तर नेटवर्क तुटणं किंवा माउंट मध्येच मरणं या दिशेने बघा. कोड १४ म्हणजे फाइल उघडता आली नाही, आणि कोड ८ म्हणजे लिहायची परवानगी नाही. शेवटच्या दोन्हींत बहुतेक वेळा फोल्डरच्या परवानग्या चुकलेल्या असतात. फाइलवर लिहायची मुभा आहे पण फोल्डरमध्ये नवी फाइल तयार करायची नाही, अशा वेळी जर्नल बनवताच येत नाही.

पायरी २: फाइल खरोखर कुठे आहे?

लिनक्सवर ‘फाइंडएमएनटी’ कमांडला ‘-टी’ लावून फाइलचा पाथ द्या. फाइल सिस्टिमचा प्रकार आणि माउंटचे पर्याय एका ओळीत मिळतात. ‘सीआयएफएस’ म्हणजे विंडोज किंवा सांबाचं (विंडोजसारखं शेअर देणाऱ्या लिनक्सवरच्या सर्व्हरचं) शेअर, ‘एनएफएस’ किंवा ‘एनएफएस४’ म्हणजे युनिक्स घराण्यातलं. मॅकवर नुसती ‘माउंट’ कमांड पुरते. विंडोजवर ‘नेट यूज’ टाइप केलं की झेड ड्राइव्ह कोणत्या सर्व्हरचा आहे ते कळतं.

फाइल वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स किंवा गूगल ड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये निघाली, तर पुढच्या पायऱ्या करायची गरजच नाही. तिथे प्रत्येक मशीनवर स्वतंत्र कॉपी असते, एका मशीनचा लॉक दुसरीला दिसण्याची सोयच नसते. डेटाबेस तिथून आजच हलवा.

पायरी ३: फाइल कोणी धरली आहे?

ज्या मशीनवर एरर येतोय, तिथूनच सुरुवात करा. लिनक्स आणि मॅकवर ‘एलएसओएफ’ला फाइलचं नाव दिलं की ती उघडून बसलेले प्रोसेस दिसतात. लिनक्सवर पुढे जाऊन ‘/प्रॉक/लॉक्स’ वाचा. त्यातली एखादी ओळ अशी असते: पोझिक्स, ॲडव्हायझरी, राइट, प्रोसेसचा नंबर, मग डिव्हाइस आणि आयनोड, आणि शेवटी दोन आकडे. ते आकडे १०७३७४१८२५ आणि पुन्हा १०७३७४१८२५ असे असतील, तर त्या प्रोसेसने रिझर्व्ह्ड लॉक घेऊन ठेवला आहे, म्हणजे कोणीतरी लिहायला बसलंय. १०७३७४१८२६ पासून १०७३७४२३३५ पर्यंतचा ‘रीड’ असेल तर कोणीतरी वाचतंय. हे आकडे एकदा डोळ्यांखालून गेले की पुढे कधीही एका नजरेत ओळखता येतात.

सर्व्हरवर हात पोहोचत असेल तर तिथलं चित्र जास्त खरं. सांबा असेल तर ‘एसएमबीस्टेटस’ला मोठा ‘-एल’ लावा. विंडोज सर्व्हरवर पॉवरशेलमध्ये ‘गेट-एसएमबीओपनफाइल’, किंवा कॉम्प्युटर मॅनेजमेंटमधलं शेअर्ड फोल्डर्स, त्यात ओपन फाइल्स. तिथे यूजर आणि क्लायंटचं नाव दिसतं. गेल्या आठवड्यात घरी गेलेल्या सहकाऱ्याचा लॅपटॉप अजून फाइल धरून बसलेला बऱ्याचदा इथेच सापडतो. तिथून ती फाइल जबरदस्तीने बंद करता येते, पण आधी त्या माणसाला फोन करा. त्याचं ट्रान्झॅक्शन अर्धवट असू शकतं.

कोणीच सापडलं नाही? मग बातमी गंभीर आहे. पुढची पायरी वगळू नका.

पायरी ४: दोन मशीनची चाचणी

वेळ कमी असेल तर निदान एवढी पायरी तरी कराच. शेअरवर एक रिकामा डेटाबेस बनवा, खऱ्या फाइलशी खेळू नका. आधी एकाच मशीनवरून, बाकी सगळे बंद असताना, एसक्यूलाइटच्या कमांड लाइनवर एक टेबल तयार करून बघा. एकट्याने काम करतानाही ‘लॉक्ड’ आलं तर अर्थ उघड आहे. दुसरं कोणी नाहीच, म्हणजे लॉकची विनंतीच फसते आहे.

ती का फसते हे लिनक्सवर ‘एसट्रेस’ने, म्हणजे प्रोग्रॅम सिस्टिमकडे काय मागतो ते दाखवणाऱ्या टूलने, दिसतं. फक्त लॉक मागणारे ‘एफसीएनटीएल’ कॉल बघायचे आणि त्यांचं उत्तर वाचायचं. ‘ई-अगेन’ किंवा ‘ई-ॲक्सेस’ आलं तर समोरून कोणीतरी खरंच नकार दिला. ‘ई-नो-लॉक’ आलं तर लॉकची यंत्रणाच उपलब्ध नाही. गंमत अशी की एसक्यूलाइट या सगळ्यांना एकाच पोत्यात घालतं. ‘ई-नो-लॉक’ असो की टाइमआउट, तुम्हाला सांगताना ते ‘बिझी’ म्हणूनच सांगतं. त्यामुळे लॉक सर्व्हिस बंद पडलेल्या एनएफएसवर माणसं तासन्‌तास नसलेला गुन्हेगार शोधत बसतात.

आता दोन मशीन घ्या. पहिल्यावर ‘बिगिन इमिजिएट’ टाइप करून तसंच सोडा. दुसऱ्यावर त्याच फाइलला ‘बिगिन इमिजिएट’ द्या. दुसऱ्यावर ‘डेटाबेस इज लॉक्ड’ आलंच पाहिजे. आलं तर आनंद माना, लॉक सर्व्हरमार्गे एकमेकांना दिसतायत. दोघांनीही निमूटपणे होकार दिला, तर दोन्ही मशीन एकाच वेळी लिहायला मोकळ्या आहेत, आणि डेटाबेस खराब होणं हा फक्त वेळेचा प्रश्न आहे.

चाचणी प्रत्येक जोडीसाठी करा: विंडोज आणि लिनक्स, लिनक्स आणि मॅक, मॅक आणि विंडोज. एक जोडी बरोबर निघाली म्हणून बाकीच्या बरोबर असतील असं धरून चालू नका.

पायरी ५: वॉल मोड बंद करा

२०१० साली, ३.७.० आवृत्तीत, एसक्यूलाइटमध्ये राइट-अहेड लॉग, म्हणजेच वॉल, आला. त्यामुळे एकाच मशीनवर लिहिणं-वाचणं सोबत चालू शकलं, आणि आज कित्येक ॲप्स आणि लायब्ररी हाच मोड चालू करून ठेवतात. पण या मोडमध्ये ‘-एसएचएम’ नावाची तिसरी फाइल असते, आणि ती सगळ्या प्रोसेसनी एकाच मेमरीतून वाचायची असते. दोन मशीनची मेमरी एक नसते. म्हणून वॉल मोड नेटवर्क फाइल सिस्टिमवर चालत नाही, आणि एसक्यूलाइटच्या दस्तऐवजातही हे स्पष्ट लिहिलंय. त्यात कुठलंही सेटिंग मदत करणार नाही.

तपासायला ‘प्रॅग्मा जर्नल_मोड’ द्या. उत्तर ‘वॉल’ आलं तर फाइल लोकल डिस्कवर आणा, ‘प्रॅग्मा जर्नल_मोड=डिलीट’ द्या, आणि मग परत शेअरवर ठेवा. हा मोड फाइलमध्येच नोंदला जातो, त्यामुळे बदल टिकतो, पण पुढच्या वेळी ॲप पुन्हा वॉल चालू करत नाही ना, हेही बघा.

डब्ल्यूएसएल आणि डॉकर वापरणाऱ्यांनी इथे थांबून वाचावं. डब्ल्यूएसएल २ मधून विंडोजचा सी ड्राइव्ह दिसतो तेव्हा तो लोकल वाटतो, पण मध्ये नेटवर्क फाइल प्रोटोकॉलच असतो. विंडोजमधलं टूल आणि लिनक्समधली स्क्रिप्ट एकाच फाइलवर ठेवली की हाच खेळ सुरू होतो. फाइल ज्या बाजूने वापरायची, त्याच बाजूच्या डिस्कवर ठेवा.

लिनक्सवरून विंडोज शेअर: तो प्रसिद्ध पर्याय

एकट्याने काम करतानाही लॉक्ड येतं आणि माउंट ‘सीआयएफएस’ आहे, ही सगळ्यात जास्त दिसणारी केस. मोठं कारण असं, की पोझिक्स लॉकमध्ये (लिनक्स आणि मॅकच्या पद्धतीत) शेअर्डचा एक्सक्लुझिव्ह जागच्या जागी करता येतो. विंडोजच्या नियमात शेअर्ड लॉक असलेल्या जागेवर एक्सक्लुझिव्ह लावता येत नाही, आधीचा सोडावाच लागतो. विंडोजवरचं एसक्यूलाइट हे जाणतं आणि तसंच वागतं. लिनक्सवरचं एसक्यूलाइट मात्र पोझिक्सच्या भरवशावर असतं.

यावर इंटरनेटवरचं ठरलेलं उत्तर म्हणजे माउंटला ‘एन-ओ-बी-आर-एल’ हा पर्याय लावणे. तो लावला की एरर जातो, कारण लॉकच्या विनंत्या सर्व्हरकडे पाठवणंच बंद होतं. त्या मशीनपुरते लॉक पाळले जातात, बाहेरच्या जगाला ते दिसत नाहीत. त्या डेटाबेसला हात लावणारी ती एकच मशीन असेल, तर हा पर्याय चालून जातो. दुसरी एकही मशीन लिहिणार असेल तर लावू नका. लावल्यावर पायरी ४ परत करा, दोन्हीकडून होकार येताना स्वतःच दिसेल.

एनएफएस: आवृत्ती बघा, मग फायरवॉल

‘एनएफएसस्टॅट -एम’ने आवृत्ती कळते. तिसऱ्या आवृत्तीत लॉकिंग मूळ प्रोटोकॉलचा भाग नाही. त्यासाठी ‘लॉकडी’ आणि ‘स्टॅटडी’ अशा वेगळ्या सर्व्हिस लागतात, त्यांचे पोर्ट वेगळे, आणि ते पोर्ट कळायला १११ क्रमांकाच्या पोर्टवरची आरपीसीबाइंड सर्व्हिस लागते. फायरवॉलमध्ये फक्त २०४९ उघडलेला असेल तर फाइल वाचता-लिहिता येतात आणि लॉक तेवढे अडकतात. चौथ्या आवृत्तीत लॉकिंग आतच आहे, एक २०४९ पोर्ट पुरतो. पर्याय असेल तर सरळ चौथीवर जा.

माउंटच्या पर्यायांत ‘नोलॉक’ किंवा ‘लोकल_लॉक=ऑल’ दिसलं तर ते ‘एन-ओ-बी-आर-एल’चंच भावंड समजा. मॅकच्या एनएफएस माउंटमध्ये त्याला ‘लोकललॉक्स’ म्हणतात.

सर्व्हर नुकताच रीस्टार्ट झाला असेल तर दोन मिनिटं थांबा. लिनक्स सर्व्हर जुन्या क्लायंटना आपापले लॉक परत मागायला साधारण ९० सेकंद देतो, आणि तोवर नवा लॉक कोणालाच मिळत नाही. उलट, एखाद्या क्लायंटचं नेटवर्क त्याहून जास्त वेळ गेलं तर सर्व्हर त्याचे लॉक सोडू शकतो. लॅपटॉप झोपवून जेवायला गेलेल्या माणसाचं ट्रान्झॅक्शन असंच मरतं, आणि परत आल्यावर त्याला ‘आय-ओ एरर’ दिसतो.

एकच फोल्डर सांबानेही आणि एनएफएसनेही दिलेला असेल तर

नॅसवर दोन्ही टिकमार्क करणं फार सोपं असतं, म्हणून हे घडतं. सांबा आपले लॉक पोझिक्स लॉकमध्ये उतरवतो, त्यामुळे लॉकपुरतं दोघांना एकमेकांचं दिसू शकतं. अडचण ऑपलॉकची आहे. ऑपलॉक म्हणजे सर्व्हरने विंडोज क्लायंटला दिलेली मुभा: ‘सध्या ही फाइल तुझ्या एकट्याकडे आहे, खुशाल स्वतःजवळ कॅश कर.’ दुसरा एसएमबी (विंडोज-सांबा शेअरचा प्रोटोकॉल) क्लायंट आला की सर्व्हर ती मुभा मागे घेतो. एनएफएसमार्गे कोणी आलं, तर सांबाला ते कळेलच असं नाही.

सांबाच्या कॉन्फिगमध्ये ‘व्हेटो ऑपलॉक फाइल्स’ ही ओळ असते. तिच्यात डेटाबेसच्या एक्स्टेन्शनचा पॅटर्न द्यायचा, म्हणजे फक्त त्या फाइलींना ऑपलॉक मिळत नाही आणि बाकी शेअरचा वेग शाबूत राहतो. सगळ्या शेअरचे ऑपलॉक बंद करायची घाई करू नका, वर्ड-एक्सेल उघडणारे लोक दुपारपर्यंत तक्रार घेऊन येतील. त्यापेक्षा मी म्हणेन, त्या फोल्डरसाठी एकच प्रोटोकॉल ठेवा. मॅक आणि लिनक्स दोघांनाही एसएमबी येतो.

ॲक्सेसवाले इकडे

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या डेटाबेसची तऱ्हा वेगळी. डेटाबेस उघडला की शेजारी ‘.एलएसीसीडीबी’ फाइल तयार होते, जुन्या ‘.एमडीबी’साठी ‘.एलडीबी’. तिच्यात प्रत्येक वापरणाऱ्यासाठी ६४ बाइटची नोंद असते, अर्ध्यात कॉम्प्युटरचं नाव आणि अर्ध्यात यूजरचं. नोटपॅडमध्ये उघडली तरी कॉम्प्युटरची नावं वाचता येतात. माणूस बाहेर पडला तरी त्याची नोंद लगेच पुसली जात नाही, त्यामुळे यादीतलं प्रत्येक नाव आत्ता हजर आहे असं समजू नका.

शेवटचा माणूस बाहेर पडताना ही फाइल डिलीट होते, पण त्याला फोल्डरमध्ये डिलीटची परवानगी असेल तरच. नेमकी हीच परवानगी ‘सुरक्षिततेसाठी’ काढून ठेवलेली असते. सगळ्या यूजरना त्या फोल्डरवर वाचणं, लिहिणं, तयार करणं आणि डिलीट करणं, या चारही परवानग्या द्या. डेटाबेस दोन भागांत तोडा: टेबलं शेअरवर, फॉर्म आणि रिपोर्ट प्रत्येकाच्या स्वतःच्या पीसीवर. आणि वायफायवरून लिहू नका, केबल लावा. नेटवर्क अर्ध्या सेकंदासाठी गेलं तरी ॲक्सेसला ते सोसत नाही.

लॉक खरा असेल तर थांबायला शिकवा

चाचणी पास झाली, लॉक नीट चालतायत, तरी अधूनमधून लॉक्ड येतं. मग ही साधी गर्दी आहे. ‘प्रॅग्मा बिझी_टाइमआउट=१००००’ दिलं की एसक्यूलाइट १० सेकंद पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. सी लायब्ररीत हा आकडा मुळात शून्य असतो, पायथॉनच्या मॉड्यूलमध्ये ५ सेकंद. लिहायचंच आहे हे आधी माहीत असेल तर साधं ‘बिगिन’ न देता ‘बिगिन इमिजिएट’ द्या. वाचत-वाचत मध्येच लिहायला गेलेल्या दोघांची एकमेकांशी कोंडी होते, आणि अशा वेळी एसक्यूलाइट टाइमआउटची वाट न बघता लगेच नकार देऊ शकतं. ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून यूजरच्या क्लिकची वाट बघणारा कोड सापडला तर तो आधी दुरुस्त करा.

आणि तरीही जमत नसेल तर

तीन वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवरून रोज लिहिलं जात असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: फाइल शेअर करणं सोडा. जिथे डिस्क आहे त्याच मशीनवर पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मारियाडीबीसारखा डेटाबेस सर्व्हर बसवा. बऱ्याच नॅसवर तो डॉकरमधून चालतो, फक्त त्याचा डेटा नॅसच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवा, पुन्हा एखाद्या माउंटवर नको. मग लॉक एकाच सर्व्हरच्या हातात राहतो आणि नेटवर्कवरून फक्त क्वेरी जातात.

एसक्यूलाइटच ठेवायचं असेल तर लिहिणारी मशीन एकच ठरवा, फाइल तिच्या लोकल डिस्कवर ठेवा, आणि बाकीच्यांना ‘व्हॅक्यूम इंटू’ने काढलेली रोजची प्रत शेअरवर द्या. ही कमांड २०१९ च्या ३.२७.० आवृत्तीपासून आहे. ती सुसंगत प्रत काढते, मूळ डेटाबेस चालू असला तरीही. प्रत काढून झाली की तिच्यावर ‘प्रॅग्मा इंटिग्रिटी_चेक’ चालवा. उत्तर ‘ओके’ आलं तरच ती शेअरवर टाका, नाहीतर कालची राहू द्या आणि मूळ फाइलकडे बघायला बसा.